टाळ्या कुणी मोजल्या?

परवा एका ज्युनियरने विचारलं, "सोर्स बायसची व्याख्या पाठ आहे, पण मुलाखतीत उदाहरण मागितलं की गडबडते. काय सांगू?" तिला सांगितलेलं उदाहरण इथे लिहून ठेवते.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये फिस्क नावाची संस्था आहे. गुलामीतून मुक्त झालेल्यांना शिकता यावं म्हणून ती 1866 मध्ये सुरू झाली आणि पाचच वर्षांत कर्जात बुडाली. तिथला खजिनदार जॉर्ज व्हाइट गाणंही शिकवायचा. 6 ऑक्टोबर 1871 ला तो नऊ विद्यार्थ्यांना घेऊन पैसे जमवायला बाहेर पडला. त्यातले बहुतेक जण गुलामीत जन्मलेले. हेच ते फिस्क ज्युबिली सिंगर्स. 1873 मध्ये ते इंग्लंडला गेले.

आता विचार करा, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही तिथे सभागृह भरायचं कसं? त्यांनी लगेच तिकिटं विकली नाहीत. 6 मे रोजी लंडनच्या विलिस रूम्समध्ये फक्त निमंत्रितांसाठी कार्यक्रम झाला, आणि बोलावणारे होते लॉर्ड शाफ्ट्सबरी. म्हणजे पहिल्या रांगेत सरदार, धर्मगुरू, पत्रकार. दुसऱ्याच दिवशी ड्यूक ऑफ आर्गाइलच्या घरी त्यांनी व्हिक्टोरिया राणीसमोर गायलं. एवढं झाल्यावर जाहिरातीला आणखी काय हवं?

आपली अडचण इथून सुरू होते. या दौऱ्याची सगळ्यात सविस्तर माहिती मिळते ती गुस्ताव्हस पाइकच्या पुस्तकात, आणि पाइक तर दौऱ्याचा व्यवस्थापकच! पुस्तकाच्या नावातच 'दहा हजार पौंडांची मोहीम' आहे. मार्शचं दुसरं पुस्तक कार्यक्रमांच्या ठिकाणीच विकलं जायचं. अशा पुस्तकात कुठली परीक्षणं छापणार? चांगलीच. लॅबमध्ये मनासारखी रीडिंग्ज वहीत उतरवायची आणि बाकीची पान फाडून टाकायची, तसलाच हा प्रकार. फक्त यावरून 'ब्रिटनने त्यांना डोक्यावर घेतलं' असं लिहिलंत तर गाईड लाल पेन काढणारच.

पण बायस आहे म्हणजे माहिती खोटी, असंही नाही हां. ही चूक मीही पहिल्या वर्षी केली होती. दौऱ्यांच्या पैशातून बांधलेला ज्युबिली हॉल 1876 पासून उभा आहे, म्हणजे पैसे खरोखर जमले. का जमले, हे मात्र इमारत सांगत नाही. गाण्यासाठी, राणीच्या नावासाठी, की गुलामगिरीविषयीच्या सहानुभूतीपोटी? तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली, आणि कंट्रोल ग्रुप नाही. हा विषय तेव्हा जगभर किती ताजा होता बघा: त्याच 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं.

मग तिकीटविक्रीशी संबंध नसलेला कागद शोधायचा. राणीची रोजनिशी आहे, तिच्यात या गायकांची नोंद आहे आणि कौतुकही आहे. झालं काम? नाही. राणीच्या मृत्यूनंतर तिची मुलगी बीअ‍ॅट्रिस हिने रोजनिशी काटछाट करून उतरवून काढली आणि मूळ वह्या नष्ट केल्या. आपण वाचतो ती बऱ्याच अंशी बीअ‍ॅट्रिसची प्रत.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एला शेपर्डची डायरी. ती गटाची पियानोवादक, आणि तालमीचा बराच भार तिच्यावर. दौरा वर्षानुवर्षं लांबला, तब्येती ढासळल्या, काही जण सोडून गेले आणि 1878 मध्ये जर्मनीत गट मोडला. या थकव्याची बाजू जाहिरातीच्या पुस्तकात शोधून सापडायची नाही, ती गाणाऱ्यांच्याच कागदांत शोधावी लागते.

ज्युनियरला म्हटलं, आधी पाइक आणि मार्श वाच. जुनी पुस्तकं आहेत, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. वाचताना प्रत्येक कौतुकापुढे पेन्सिलीने लिही, हे कुणी छापलं आणि त्याला काय विकायचं होतं. पहिल्या वीस पानांनंतर फोन कर.