मयताच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र

कुलमुखत्याराच्या सहीने वसईत खरेदीखत नोंदवायचं झालं, तर दुय्यम निबंधकांपुढे एक छापील घोषणापत्रही द्यावं लागतं. पत्र लिहून देणाऱ्यांनी ते रद्द केलेलं नाही, त्यांच्यापैकी कोणी मयत झालेलं नाही, अशी हमी मुखत्यार त्यात देतो. ती खोटी निघाली तर नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र मालक हयात आहे का, हे पाहायला निबंधक काही आगाशीला किंवा निर्मळला जात नाहीत. दस्त नोंदला म्हणजे जागा आपली झाली, हा समज म्हणूनच घातक आहे.

भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 201 नुसार मालकाच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकार संपतो. अपवाद कलम 202 चा. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतलेला असेल, उदाहरणार्थ जमीन विकून आपलं येणं वसूल करण्यासाठीच त्याला अधिकार दिला असेल, तर तो मृत्यूनंतरही टिकतो. याच कलमाचा आधार घेऊन दस्तावर सर्रास ‘अपरिवर्तनीय’ असं लिहिलं जातं.

तेवढ्याने भागत नाही. बेंगळुरूच्या एका भूखंडाचं कुलमुखत्यारपत्र आणि नोंदणी न केलेला विक्री करार 1986 मधला. मालक 1997 मध्ये वारला आणि 1998 मध्ये मुखत्यार बाईंनी त्या पत्रावर आपल्याच मुलाला खरेदीखत करून दिलं. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पत्राला काय नाव दिलंय ते नव्हे, त्यातला मजकूर पाहायचा. या पत्रात मुखत्याराचा हितसंबंध नव्हता, त्यामुळे मालकाबरोबर तेही संपलं. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे तर याच न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प निकालात बजावलं होतं.

वसई-विरारमध्ये हा धोका अधिक जाणवतो, कारण इथल्या वाडीच्या सातबाऱ्यावर चार भाऊ, दोन बहिणी, एखादी विधवा काकू अशी नावांची रांग असते. एक जण आखातात, बाकीचे इथे. सगळ्यांनी मिळून बिल्डरच्या माणसाला पत्र दिलेलं. बांधकाम रखडतं आणि तेवढ्यात थोरला भाऊ जातो. त्याच्या हिश्श्यापुरती आता त्याच्या बायकामुलांची सही लागते. ती न घेता जुन्या पत्रावर व्यवहार झाला तर वारस दिवाणी न्यायालयात जातात. मृत्यू ठाऊकच नव्हता, असं खरेदीदार म्हणू शकतो, आणि कलम 208 त्याला काही संरक्षणही देतं. पण मग कोणाला कधी कळलं, हे सिद्ध करण्यात वर्षं जातात. तोवर ज्याने गृहकर्ज काढलंय त्याचे हप्ते थांबत नाहीत. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्याची.

म्हणून विसार देण्याआधी मालकाला प्रत्यक्ष भेटावं. तो परदेशी असेल तर व्हिडिओ कॉलवर बोलावं, पत्राची नोंदणीकृत प्रत मागावी, सातबाऱ्याबरोबर जुने फेरफारही वाचावेत. आणि ज्यांच्या घरी मृत्यू झालाय त्यांनी वारस नोंद लांबवू नये. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे ती तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायची असते. दुखवट्यात हे सुचत नाही, भावांत बेबनाव असला तर कोणी पुढाकारही घेत नाही. पण सातबाऱ्यावर मयताचंच नाव राहिलं, तर त्याच्या जुन्या सहीवर व्यवहार करू पाहणाऱ्याला अडवणारं त्या कागदावर काहीच नसतं. मुखत्याराला आणि बिल्डरला मृत्यूचा दाखला जोडून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी, पोचपावती जपून ठेवावी. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हा बचाव मग त्यांना घेता येत नाही.