संडासाची फरशी आणि पाण्याची वाट

गेल्या वर्षी श्रावणात आमची आई संडासात घसरून पडली. मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला. ती शहात्तर वर्षांची आहे. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण ती आरशासारखी चकचकीत फरशी दुकानात पसंत करणारा मीच होतो. वीस वर्षे महाविद्यालयात घर्षणाचे नियम शिकवणारा माणूसही दुकानात शिरला की रंगावर भाळतो!

खरे तर आम्हा नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात गोदाघाटाच्या पायऱ्यांवर आपण किती जपून पाऊल टाकतो! पायरीचा दगड उन्हाळ्यातलाच असतो. बदललेले असते ते दगड आणि पाऊल यांच्यामधले काहीतरी : पाणी आणि शेवाळ. आमच्या संडासात शेवाळ नव्हते, पण पाणी होते. तेव्हा पहिला प्रश्न फरशी गुळगुळीत का, हा नसून तेथे पाणी साचत का होते, हा आहे.

आमची खोली लहान, सुमारे १२० सेंटिमीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद. मध्ये भारतीय पद्धतीचे भांडे. म्हणजे जमिनीला चारही बाजूंनी मध्याकडे उतार हवा. आता एक कागद घ्या आणि त्याला असा चारी बाजूंनी उतार देऊन पाहा. घड्या घातल्यावाचून ते जमणार नाही, कारण हे एक प्रतल नाही. एकमेकांना चिकटलेली चार प्रतले आहेत. फरशीला घडी घालता येत नाही. जेथे दोन उतार मिळतात तेथे ती तिरपी कापावी तरी लागते, नाहीतर इतकी लहान घ्यावी लागते की वळण तिच्या सांध्यांत सामावून जाईल. आम्ही घेतली होती मोठी फरशी, आणि कापाकापी नको म्हणून ती जवळजवळ सपाट बसवली गेली. दोन कोपऱ्यांत पाणी राहू लागले. त्यांतल्याच एका कोपऱ्यावर आईचा पाय पडला.

दुरुस्ती काढली तेव्हा आईच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवायचे ठरले आणि पाणी जाण्याची जाळी दारापासून दूरच्या कोपऱ्यात घेतली. या एका बदलाने भूमितीच पालटली. जाळी कोपऱ्यात असेल तर सबंध जमीन एकच प्रतल होऊ शकते, फक्त ते दोन दिशांनी कललेले. एका प्रतलावर कोणत्याही मापाची फरशी न कापता नीट बसते.

उतार किती द्यायचा? आम्ही ६० ला १ धरला. लांबीच्या बाजूने १२० सेंटिमीटरला २० मिलिमीटर, रुंदीच्या बाजूने ९० ला १५. म्हणजे जाळीसमोरचा तिरका कोपरा जाळीपेक्षा ३५ मिलिमीटर उंच. पायाला हे जाणवत नाही, पाण्याला मात्र बरोबर समजते. भांड्याच्या आतला हिशेब वेगळा. तेथे घन पदार्थ थोड्या पाण्यात वाहून जायचा असतो. म्हणून ग्रामीण शौचालयांसाठी जे भांडे तयार झाले त्याच्या तळाचा उतार २५ ते २८ अंश ठेवतात आणि वास अडवणारे पाणी फक्त २० मिलिमीटर. दीड-दोन लिटरमध्ये ते साफ होते. नाशिकजवळ गोवर्धनला निर्मल ग्राम निर्माण केंद्र ही या विषयाला वाहिलेली संस्था आहे. सहलीला धबधबे पाहतोच. एखादी सहल तिकडेही न्यायला हरकत नाही.

मिस्त्रींनी जुन्या फरश्या उखडल्या आणि आधी दोरीने दोन्ही कर्ण मोजले. १२० आणि ९० या बाजूंचा कर्ण १५० यायला हवा. बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेला हाच तो नियम. आमच्याकडे एक आला १५१.५ आणि दुसरा १४८.५. “सर, खोली गुण्यात नाही,” मिस्त्री म्हणाले. कोन काढला तर तो काटकोनापासून सव्वा अंशाने ढळलेला निघाला. एवढ्याने काय होते? ९० सेंटिमीटरवर जवळजवळ २ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि भिंतीलगतची फरशी पाचरीसारखी निमुळती दिसते. मोठ्या दालनात हे खपून जाते; लहान खोलीत बसल्या बसल्या डोळा तेथेच जातो. मिस्त्रींनी एका भिंतीला पाचरीच्या आकाराचा प्लॅस्टर चढवून ती सरळ केली. उंचीच्या खुणा त्यांनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने केल्या. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर खूण चुकते. का, ते वर्गात विचारा.

भिंतीच्या टाईल्स त्यांनी बादलीत भिजत घातल्या, तर फसफसून बुडबुडे आले. भिंतीची टाईल आतून सच्छिद्र असते. कोरडीच लावली तर ती सिमेंटमधले पाणी शोषून घेते आणि सिमेंट नीट घट्ट होत नाही. जमिनीची व्हिट्रिफाइड फरशी मात्र भाजताना काचेसारखी घट्ट झालेली असते. ती वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही, म्हणून बादलीत गप्प बसते.

भिंतीला आम्ही पांढरी चकचकीत टाईल ठेवली. एका झरोक्याचा उजेड तिच्यामुळे खोलीभर पोचतो आणि ती पुसायला सोपी. जमिनीला खरखरीत हवी. मग अगदी लहान, १० सेंटिमीटरची का नको? सांध्यांची लांबी मोजा. ३० सेंटिमीटरच्या बारा फरश्यांत ती ५ मीटर १० सेंटिमीटर येते. १० सेंटिमीटरच्या १०८ फरश्यांत साडेएकोणीस मीटर. सांध्याला पाय अडतो हे खरे, पण मळही तेथेच अडतो, आणि घासायचे कोणी? आम्ही बाराच घेतल्या, कडेच्या थोड्या कापून.

या वेळी दुकानातून आधी दोन नमुने घरी आणले. फरशी टेबलावर ठेवा, तिच्यावर रबरी स्लिपर आणि स्लिपरवर एक जाड पुस्तक. आता फरशीचे एक टोक हळूहळू उचला. स्लिपर सुटेल त्या क्षणी उचललेली उंची आणि पाया मोजा. उंचीला पायाने भागले की घर्षणांक मिळतो. समजा, फरशी ५० सेंटिमीटर लांब आहे आणि टोक ३० वर गेल्यावर स्लिपर सुटली. पाया ४०, घर्षणांक ०.७५. हा प्रयोग कोरड्या, ओल्या आणि साबण लावलेल्या फरशीवर करा. पुस्तक दोन ठेवलीत तर काय होते, तेही पाहा. चकचकीत नमुना साबणपाण्यात इतक्या लवकर सुटला की आई म्हणाली, “अरे, हे आधी नाही का करून बघायचं?”

सांधे वाळल्यावर, कमोड बसवण्यापूर्वी, मुलाने जाळीसमोरच्या तिरक्या कोपऱ्यातून एक गोटी सोडली. त्याला वाटले ती कर्णावरून थेट जाळीत जाईल. तसे झाले नाही. ती लांब भिंतीला जाळीपासून फूटभर अलीकडे लागली आणि तेथून भिंतीच्या कडेकडेने जाळीपर्यंत आली. मिस्त्री उतार तपासू लागले, पण उतार बरोबर होता. दोन्ही बाजूंना ६० ला १ हाच उतार आहे, हे लक्षात घेऊन गोटीचा मार्ग कागदावर काढून पाहा. आणि ती थेट कर्णावरूनच जायला हवी असेल, तर रुंदीच्या बाजूचा उतार किती ठेवावा लागेल?