झूमधले फोटो, जंगलातल्या माकडांसाठी

प्राणिसंग्रहालयात काढलेले फोटो हार्डडिस्कमध्ये साठवून काय करायचं? त्यांची कॅलेंडरं आणि प्रिंट्स करून विका आणि पैसे माकडांना द्या! माझी पहिली पसंती गोल्डन लायन टॅमरिनला. ब्राझीलच्या किनारी जंगलातलं हे अर्ध्या-पाऊण किलोचं माकड. १९७०च्या सुमारास जंगलात जेमतेम दोनशे उरली होती. १९८४पासून झूमध्ये जन्मलेली तिथे सोडली गेली, आणि २०२३च्या गणनेत आकडा ४,८००वर पोचला. आता तिथली संस्था झाडं लावून जंगलाचे तुटलेले तुकडे जोडतेय. २०२०मध्ये तर महामार्गावर माकडांसाठी हिरवा पूलही झाला.

आता फोटो काढण्याबद्दल. पिंजऱ्याला काच असेल तर रबरी हूड लावून लेन्स काचेला टेकवा, कपडे गडद घाला. जाळी असेल तर लेन्स जाळीला खेटून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आणि माकड जाळीपासून लांब जाईपर्यंत धीर धरा. जाळी फोटोत विरून जाते. फ्लॅश अजिबात नको.

माणसाच्या कडेवरच्या माकडाचा फोटो कितीही गोड असो, विकू नका. तो बघून लोकांना माकड पाळावंसं वाटतं. आणि हो, विक्रीआधी झूची लेखी परवानगी घ्या. बऱ्याच ठिकाणी फोटो फक्त वैयक्तिक वापरासाठीच काढू देतात.