टुंड्रा आणि ठाणे खाडीतील स्थलांतरित पक्षी

टुंड्रा हा प्रामुख्याने उत्तर ध्रुवाभोवती पसरलेला अतिथंड, वृक्षहीन भूप्रदेश होय. महाराष्ट्रात टुंड्रा नाही. मात्र तेथे जन्मणारे काही पक्षी मुंबई उपनगराच्या पूर्वेकडील ठाणे खाडीत दरवर्षी हिवाळा घालवतात.

स्थान व हवामान

अलास्का, कॅनडा व रशियाचा उत्तर भाग, ग्रीनलंडची किनारपट्टी आणि स्कँडिनेव्हियाचे उत्तर टोक येथे टुंड्रा आढळतो. कोपेन यांच्या वर्गीकरणानुसार येथील सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान ०° ते १०° सेल्सिअस असते. भूपृष्ठाखालील जमीन कायम गोठलेली राहते व उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो. पाणी खाली झिरपू शकत नसल्याने तळी व दलदली तयार होतात. हिमालयासारख्या पर्वतांवर वृक्षरेषेच्या वर आढळणाऱ्या अशाच प्रदेशास अल्पाइन टुंड्रा म्हणतात.

जीवसृष्टी

शेवाळे, गवते, खुरटी झुडपे आणि शैवाके या येथील मुख्य वनस्पती होत. आपल्या मसाल्यातील दगडफूल हेही एक शैवाकच आहे. रेनडिअर, कस्तुरी बैल, ध्रुवीय कोल्हा, हिमघुबड आणि लेमिंग हा उंदरासारखा प्राणी येथे राहतात. अल्पकाळाच्या उन्हाळ्यात दलदलींमध्ये डास व इतर कीटक विपुल होतात. त्यांवर पिल्ले पोसता यावीत म्हणून असंख्य पक्षी येथे विणीसाठी येतात.

ठाणे खाडीशी संबंध

हिवाळा जवळ येताच हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या बाजूस तिवरांच्या पलीकडे ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात त्यांना किडे व कवचधारी जीव मिळतात. सुमारे २५ ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा आणि सायबेरियात वीण करणारा कर्ल्यू सँडपायपर हे त्यांपैकी होत. खाडीतील प्रसिद्ध रोहित पक्षी मात्र टुंड्रातून येत नाहीत.

कर्ल्यू सँडपायपरची वीण लेमिंगांच्या संख्येशी निगडित आहे. लेमिंग कमी झाले की ध्रुवीय कोल्हे या पक्ष्यांची अंडी व पिल्ले खातात. परिणामी त्या वर्षी दक्षिणेकडे येणाऱ्या तरुण पक्ष्यांची संख्या घटते.

संवर्धन

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कर्ल्यू सँडपायपरचा समावेश २०२४ मध्ये जागतिक लाल यादीतील 'असुरक्षित' या गटात करण्यात आला. तापमानवाढीमुळे टुंड्रातील गोठलेली जमीन वितळत आहे आणि झुडपे उत्तरेकडे सरकत आहेत. दुसरीकडे भराव व सांडपाणी यांचा खाडीतील चिखलाच्या पट्ट्यांवर ताण पडतो. विणीची आणि हिवाळ्याची अशी दोन्ही स्थाने शाबूत राहिली तरच हे पक्षी टिकू शकतात. एकाच ठिकाणचे संरक्षण त्यांना पुरेसे ठरत नाही.