गाळपेरीतील पाहुणा : पट्टकादंब

जायकवाडी किंवा उजनी जलाशयाचे पाणी ओसरले की काठच्या गाळपेर जमिनीत गहू, हरभरा पेरला जातो. पीक उगवून वर येते तोच पहाटे राखाडी रंगाच्या मोठ्या पक्ष्यांचा थवा त्यात चरताना दिसतो. हाच पट्टकादंब.

ओळख : पांढऱ्या डोक्याच्या मागील बाजूस दोन आडवे काळे पट्टे, पिवळी चोच व पिवळसर नारिंगी पाय. वजन साधारण २ ते ३ किलो. बदकापेक्षा मान लांब असते.

जीवनक्रम : मंगोलिया, तिबेट व लडाखमधील सरोवरांच्या काठी उन्हाळ्यात या पक्ष्याची वीण होते. मादी बहुधा ४ ते ६ अंडी घालते व सुमारे महिनाभर उबवते. हिवाळ्यात तेथील सरोवरे गोठतात व चारा मिळेनासा होतो, म्हणून हे थवे हिमालय ओलांडून भारतात येतात. यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात ७,२०० मीटरपेक्षा जास्त उंचीवरील उड्डाणाची नोंद झाली आहे. तेथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी मिळतो. मात्र या पक्ष्याचे रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला शोषून घेते. वसंतात परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी तो आपल्याकडील गवत, कोवळी पिके व सांडलेले धान्य खाऊन साठवतो.

नुकसान व उपाय : दिवसा हे पक्षी बहुतेक पाण्यावर किंवा काठावर विसावतात आणि रात्री व पहाटे चरतात. त्यामुळे राखण त्याच वेळी करावी. गव्हाचा वाढीचा कोंब कांडी धरेपर्यंत जमिनीखाली असतो, त्यामुळे नुसती पाने खुडली गेल्यास पीक पुन्हा फुटते. परंतु मऊ, ओल्या गाळात रोपे मुळासकट उपटली जाण्याचा धोका असतो. म्हणून उगवणीपासून कांडी धरेपर्यंत विशेष लक्ष ठेवावे. पाण्याकडील बाजूस चमकत्या फिती बांधाव्यात, बुजगावण्याची जागा वरचेवर बदलावी.

विषारी दाणे मात्र कदापि टाकू नयेत. त्याने इतर पक्षी व जनावरेही दगावतात, जलाशयाचे पाणी दूषित होण्याचा धोका असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्याची शिकार हा गुन्हा आहे.

२००५ साली चीनमधील चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने असंख्य पट्टकादंब मेले. म्हणून मेलेला पक्षी आढळल्यास हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. घरच्या कोंबड्या, बदके जलाशयाकाठी सोडू नयेत.

पीक जरूर राखावे, पाहुण्याला शेतातून हुसकावेही; पण त्याचा जीव घेऊ नये. त्याला अजून हिमालय ओलांडायचा आहे.