कात्री विद्यार्थ्याच्या हाती

अमेरिकेत काही हायस्कूलांना स्वतःची परवानाधारक रेडिओ केंद्रं आहेत. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात बेन्सन पॉलिटेक्निक या शाळेच्या केंद्राची सुरुवात १९२३ सालची, तर इंडियानातल्या न्यू ऑल्बनी हायस्कूलचं एफएम केंद्र १९४९ पासूनचं. ही परंपरा टिकली ती निव्वळ हौसेवर नाही. तिथलं प्रसारण पहिल्यापासून बहुतांशी व्यापारी कंपन्यांच्या हाती होतं, तरी १९४५ मध्ये सरकारी आयोगानं एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगर-व्यापारी, शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवला. पुढे १९४८ मध्ये फक्त दहा वॅटच्या छोट्या केंद्रांनाही परवाने मिळू लागले. दहा वॅटमध्ये आवाज गावाबाहेर फारसा जात नाही. पण शाळेला गावच पुरेसं असतं.

अशा केंद्राकडे धंदेशिक्षण म्हणून पाहिलं की त्याचं खरं मोल हातून निसटतं. समजा, नववीतल्या मुलीनं पाणीपुरवठा अधिकाऱ्याची मुलाखत घेतली आणि ते म्हणाले, ‘महिन्याभरात दुरुस्ती होईल, पण निधी आला तर.’ बातमीला वेळ कमी आहे. शेवटचे चार शब्द कापले तर वाक्य सुटसुटीत होतं आणि खोटंही होतं. कॅमेऱ्याचंही तसंच: सभेच्या पुढच्या दोन भरलेल्या रांगा दाखवायच्या की मागच्या रिकाम्या खुर्च्या, हे कोणाला तरी ठरवावंच लागतं. ज्या मुलीनं हा निर्णय स्वतः घेतला आहे, ती पुढे कुठलीही चित्रफीत पाहताना आधी विचारेल की यातून काय गाळलं असेल. माध्यमांवरचा धडा वाचून ही सवय लागणं फार अवघड आहे.

यावर कुणी म्हणेल, मुलं आता फोनवर रोज रील बनवतातच, मग वेगळं काय शिकवायचं? फरक असा की रील टाकण्याआधी ‘कशावरून?’ असं विचारणारं कुणी नसतं. केंद्राच्या कार्यक्रमात लेखक, ध्वनिमुद्रक, संकलक आणि निर्माता वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या चुकीची झळ बसते. या क्षेत्रात नोकऱ्या कमी आहेत, हा आक्षेप खरा आहे. पण नागरिकशास्त्रही आपण नोकरीसाठी शिकवत नाही. शाळेच्या वेळापत्रकात याला वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप अधिक वजनदार. तरीही प्रश्न काढणं, माहिती ताडून पाहणं आणि दोन मिनिटांत बसेल असं लिहिणं हा भाषेचाच अभ्यास आहे. त्याचा वेळ भाषेच्या तासांतूनच काढायला हवा, त्यांच्यावर जादा लादायला नको. मला खरी भीती वाटते ती केंद्र शाळेच्या जाहिरातीचं साधन होण्याची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये हेझलवूड खटल्यात, शैक्षणिक कारण असेल तर शाळेच्या वृत्तपत्रातला मजकूर रोखण्याचा अधिकार प्रशासनाला दिला. तो निकाल मला संकुचित वाटतो. मुलांनी कँटीनमधल्या अस्वच्छतेवर कार्यक्रम केला आणि मुख्याध्यापकांनी तो थांबवला, तर मुलं मौन शिकतील.

भारतात शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची वाट २००२ च्या धोरणानं खुली झाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४ मध्ये सुरू झालं. स्वतःच्या बातम्या देण्यावर या केंद्रांना बंधन आहे आणि साध्या शाळेला केंद्र चालवण्याचा खर्चही पेलणार नाही. पण परिपाठाला लाउडस्पीकर असतोच. एक फोन, ‘ऑडॅसिटी’सारखं मोफत संकलन सॉफ्टवेअर आणि परिपाठातली आठवड्याला दहा मिनिटं, एवढ्यावर आठवी-नववीचा गट उद्यापासून गावातल्या पाण्यावर, एसटीच्या फेऱ्यांवर, बाजारभावावर कार्यक्रम करू शकतो.