एकच धडा, अनेक वाटा

चाकाच्या खुर्चीवर वावरणारे अमेरिकन वास्तुविशारद रॉन मेस यांचा आग्रह असे, की इमारत पहिल्यापासूनच सर्वांसाठी आखावी. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या ‘कास्ट’ संस्थेने हाच विचार वर्गात आणला. गोडी लागण्याचे, आशय समजण्याचे आणि समजलेले दाखवण्याचे एकाहून अधिक मार्ग धडा आखतानाच ठेवायचे.

एनसीईआरटीच्या सर्वसमावेशक ‘बरखा’ वाचनमालेत एकाच पानावर छापील मजकूर, ब्रेल आणि उठावदार चित्रे आहेत. दृष्टिहीन मुलाला वेगळे पुस्तक लागत नाही.

साध्या वर्गातही हे जमते. अपूर्णांक फळ्यावरच्या आकृतीने शिकवावा, कागदाच्या घड्यांनीही. उत्तर कोणी लिहील, कोणी बोलेल, कोणी घडी घालून दाखवील. मात्र लेखनच तपासायचे असेल, तर तोंडी उत्तर पुरत नाही. म्हणून शिक्षकाला उद्दिष्ट आधी ठरवावे लागते.